सरळ झालेल्या म्हणी

माझ्या सासऱ्यांनी धडधाकट असेपर्यंत एकही म्हण सरळ सांगितली नाही. मला पाहायला आले तेव्हाच ते आमच्या लक्षात आलं. आम्ही शहरात, सिडकोत राहायचो. ते करमाडहून आले होते. सोबत सासूबाई आणि माझे होणारे यजमान. माझ्या काकांना पाहुण्यांसमोर शहाणपणाचे दोन शब्द बोलायची फार हौस. सोफ्यावर पुढे सरकून ते म्हणाले, "कसं आहे पाव्हणं, दुरून डोंगर साजरे. म्हणून म्हटलं, जवळून बघून घ्यावं एकदा."

सासऱ्यांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली.

"डोंगर जवळून बी साजराच असतो," ते म्हणाले. "चढायला लागलं की कळतं."

मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होते. तो हलला. मला हसू आवरेना, मग माझी आई हसली, मग काकाही. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. पायात चपला घालून कुणी देवघरात शिरल्यावर बघावं तसं त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

लग्न होऊन मी करमाडला आले. माझी नोकरी शेंद्र्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात, त्यामुळे सोयीचंच झालं. सासऱ्यांना घरात सगळे दादा म्हणत, मीही म्हणू लागले. घराणं मूळचं मेंढपाळांचं. दादा मात्र मेंढरांमागं कधी गेले नाहीत. त्यांच्या वडिलांनी त्यांना शाळेत घातलं होतं. पुढं कळप विकला गेला, दादांनी शेती केली, शेंद्र्याला कारखाने आले तेव्हा एका गेटवर वॉचमनकी केली. मी आले तेव्हा ते रिकामे झाले होते आणि त्यांची बैठक जालना रोडवरच्या चहाच्या टपरीवर असायची. टपरीवाला त्यांना लांबून बघूनच ओरडायचा, "आओ दादा, आज की ताजी सुनाओ!"

आणि ते सुनावायचे. आमच्या आजूबाजूची रानं एकामागून एक विकली जात होती, जिथं ज्वारी डोलायची तिथं चुन्याच्या रेघा आणि सिमेंटचे खांब दिसायला लागले होते. टपरीवर कुणीतरी सुस्कारा टाकून म्हणालं, "अति तिथं माती."

"आन् माती तिथं प्लॉटिंग," दादा म्हणाले.

हे वाक्य संध्याकाळपर्यंत आमच्या ऑफिसात पोचलं होतं. कुणी सांगितलं विचारलं तर सांगणाऱ्याला माहीत नव्हतं. मी गप्प बसले, पण मनातून मला फार बरं वाटलं.

माणसांचं एक मला तेव्हा दिसलं. दुसऱ्यावरची म्हण ऐकायला सगळे बाकावर सरकून जागा करून देत आणि स्वतःवरची ऐकली की रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागत. दादांचे एक चुलत भाऊ होते. त्यांच्याकडे वाटणीची बोलणी चालली होती आणि सगळ्यात धाकट्याला त्यातून वगळायचा घाट घातला होता, हे गावाला ठाऊक होतं. ते एकदा आमच्या ओट्यावर बसून म्हणाले, "कुठंबी जा, पळसाला पानं तीनच."

"व्हय," दादा म्हणाले, "पण वाटणीला भाऊ चार."

चुलत सासरे उठले आणि पाणीही न पिता गेले. त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत. सासूबाईंनी त्या दिवशी भांडी फार जोरात घासली.

"ह्यांच्या जिभेला हाडच नाय," त्या मला म्हणाल्या. "एकदा तरी माणसावानी सरळ बोलावं."

मी कानाला हेडफोन लावून घरून काम करत बसले की दादांची माझ्यावरची ठरलेली म्हण होती: "लेकी बोले सुने लागे. सुनंनं कान बंद केले, आता लेकीलाच ऐकावं लागतं." माझी नणंद माहेरी आली की हसून लोटपोट व्हायची. सासूबाई तेव्हाही हसत नसत. मला वाटायचं, यांना विनोद कळतच नसावा.

एका दुपारी मी दादांना विचारलं की, ही सवय लागली कुठून. ते लिंबाच्या सावलीत खाट टाकून पडले होते. ते उठून बसले.

"आमचा बाप," ते म्हणाले, "वर्षातले आठ महिने मेंढरामागं. पावसाळ्यात घरी यायचा. आला की पहिल्या दिवशी माझी पाटी बघायचा, मग केस, मग नखं. हातात काठी. म्हण सांगायचा आन् काठी हाणायचा. आधी म्हण, मग काठी. 'करावं तसं भरावं' म्हटलं की पाठीत. 'बळी तो कान पिळी' म्हटलं की कान पिळून मग पाठीत. म्हण निम्मी झाली की माझी पाठ आवळायला लागायची."

"मग?"

"मग काय. एकदा मी मनातल्या मनात ती वाकडी केली. 'करावं तसं भरावं, म्हणून तर शहाणे काहीच करत नायत.' काठी बसली, पण मला आतून हसू आलं." ते माझ्याकडे बघून हसले. "वाकडी केली की लागत नाय."

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर, सकाळी गोठ्यासमोरच्या हौदापाशी दादा पडले. सासूबाईंची हाक ऐकून मी धावले. ते शुद्धीवर होते, डोळे उघडे होते, पण तोंड एका बाजूला ओढलं होतं आणि उजवा हात अंगाखाली दुसऱ्याच कुणाचा असावा तसा पडला होता. शहरातल्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

कितीतरी दिवस त्यांच्या तोंडून एक शब्द आला नाही. ते आमच्याकडे बघायचे, ओठ हलवायचे, घशातून हवा यायची, मग डोळ्यांत पाणी यायचं. ज्या माणसानं आयुष्यभर जिभेवर राज्य केलं, त्याला पाणी मागता येत नव्हतं. माझे यजमान त्यांच्यासमोर हसतमुख राहायचे आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभे राहायचे.

मग एके दिवशी सकाळी, भेटीच्या वेळेत, खोलीत आम्ही चौघं-पाचजण असताना, दादांनी घसा खाकरला. स्पष्ट, जड आवाजात म्हणाले, "देव तारी त्याला कोण मारी."

खोलीत आनंदीआनंद झाला. नणंद रडायला लागली. बाजूच्या पेशंटच्या बायकोनंसुद्धा हात जोडले. मला मात्र एक गोष्ट आठवते. त्या आनंदातही आम्ही घरचे सगळे क्षणभर थांबलो होतो. त्यांच्या ओठांकडे बघत होतो. या म्हणीचं त्यांचं शेपूट आम्हाला सगळ्यांना पाठ होतं: "म्हणून तर मारणारा आधी देवाला नवस करतो." आम्ही त्याची वाट बघत होतो. ते आलंच नाही. दादांनी ओठ मिटले आणि छताकडे पाहिलं.

सासूबाई पायथ्याशी उभ्या होत्या. त्या एक पाऊल मागं सरकल्या.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. बोलणं जुळवायची जागा मेंदूत एकीकडे असते, ती दुखावली आहे. पण लहानपणापासून घोकून पाठ झालेलं, अंक, आरत्या, शिव्या, म्हणी, हे कधीकधी शिल्लक राहतं आणि आपोआप बाहेर पडतं. त्याचा अर्थ लावत बसू नका. हळूहळू यातूनच बोलणं सुधारेल कदाचित.

आम्ही त्यांना घरी आणलं. पुढच्या खोलीत, खिडकीशी खाट टाकली. आणि म्हणी यायला लागल्या. पाणी हवं असलं तरी म्हण, नको असलं तरी म्हण. कूस बदलली की "थेंबे थेंबे तळे साचे". भाकरी कुस्करून भरवताना "हात दाखवून अवलक्षण". कधी प्रसंगाला इतकी चपखल बसायची की अंगावर काटा यायचा, कधी अजिबात नाही. प्रत्येकीच्या आधी तो घसा खाकरणं. आणि प्रत्येक म्हण सरळ, कडक, शेवटच्या अक्षरावर दाबून सोडलेली.

गावाला हे फार आवडलं. जे लोक त्यांना टाळून पलीकडून जायचे ते आता भेटायला येऊ लागले. "दादा आता खरे दादा झाले," असं एकानं ओट्यावर बसून म्हटलेलं मी स्वयंपाकघरातून ऐकलं. एक बाई नापास होणाऱ्या मुलीला घेऊन आल्या आणि "दादा, हिला चार शब्द सांगा" म्हणाल्या. दादांनी ओठ हलवले, त्यांना बहुधा दुसरंच काही म्हणायचं होतं, पण तोंडातून आलं, "केल्याने होत आहे रे, आधी केलेचि पाहिजे." त्या बाई पाया पडून गेल्या. ते चुलत सासरेही आले. खाटेशेजारी खुर्ची ओढून त्यांनी आपल्या वाटणीची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी आपल्या बाजूनं, निवांत. शेवटी दादा म्हणाले, "ज्याचं त्याला, गाढव ओझ्याला." त्यांनी ते आपल्या बाजूचं धरलं आणि समाधानानं चहा पिऊन गेले. बोलता येईनासं झाल्यावर माणूस गावात शहाणा ठरला.

टपरीवाला एकदाच आला. दादांचा हात हातात धरून बराच वेळ बसला. दादांनी एक म्हण म्हटली, मग दुसरी. तो उठून दारापाशी आला आणि मला हळूच म्हणाला, "भाभी, ये दादा नहीं है." परत आला नाही. आला नाही तरी रोज सकाळी त्याच्याकडून दादांच्या नावाचा चहा थर्मासमधून यायचा.

एका दुपारी मला जे दिसलं त्यानं मी हबकले. सासूबाई दादांना औषध द्यायला खोलीत जात होत्या. दाराशी थांबल्या, खांद्यावरचा पदर उचलला, डोक्यावरून पुढं ओढला, थेट कपाळापर्यंत. मग मान खाली घालून आत गेल्या, वाटी खाटेच्या कडेला लांबूनच ठेवली आणि भिंतीच्या बाजूनं बाहेर आल्या.

मी त्यांना दादांसमोर असा पदर घेताना कधी पाहिलं नव्हतं. नवऱ्यासमोर कोण घेतं?

"आई, हे काय?"

त्यांनी मला हाताला धरून मागच्या दारी नेलं.

"ते नायत तिथं," त्या म्हणाल्या. "मामंजी आलेत."

मामंजी म्हणजे त्यांचे सासरे, दादांचे वडील. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. माझ्या लग्नाच्या कितीतरी वर्षं आधी ते गेले होते.

"मी नांदायला आले तवा ते म्हातारे झाले होते," सासूबाई सांगू लागल्या. "कळप इकलेला. दिवसभर त्याच खोलीत, तिथंच, खिडकीपाशी बसायचे. आधी असं खाकरायचे. मग म्हण. पोळी करपली तर म्हण, पाणी सांडलं तर म्हण. मला काठी नाय मारली कधी, पण आवाज काठीवानीच. मी खोलीत पाय टाकायचा तर पदर कपाळापर्यंत. तोच आवाज हाय हा. तसंच शेवटचं अक्षर दाबणं. माझे कान खोटं नाय सांगत."

संध्याकाळी माझ्या यजमानांनी त्यांना डॉक्टरांचं म्हणणं परत समजावलं. मेंदूत कुठल्या जागी काय असतं ते कागदावर काढून दाखवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"बरोबर हाय तुझं," त्या म्हणाल्या. "पण मेंदूत बी कुणीतरी राहतंच की."

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. पण त्या हिवाळ्यात घर बदललं होतं, हे मी नाकारणार नाही. दुपारी मी आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलेली असायचे, यजमान कामावर, सासूबाई गोठ्यात. सगळीकडे सामसूम. आणि पुढच्या खोलीतून खाकरल्याचा आवाज यायचा. मग थोडी शांतता. त्या शांततेत माझी बोटं कीबोर्डवर थांबायची. "आपलेच दात, आपलेच ओठ," असं ऐकू यायचं, आणि मला वाटायचं की हे मलाच उद्देशून आहे, मी काहीतरी चुकले आहे. मी उठून बघायला जायचे. दादा माझ्याकडे बघत असायचे. डोळे त्यांचेच होते, ओले, माफी मागत असल्यासारखे. आवाज त्यांचा नव्हता. कुणीतरी घरात शिरून आतून कडी लावून घ्यावी आणि घरमालकानं खिडकीतून बाहेर बघत राहावं, तसं ते दिसायचे.

मी त्यांना एकदा विचारलंही. "दादा, तुम्हाला हे म्हणायचं नसतं ना?"

त्यांनी मान जोरजोरात हलवली. नाही. नाही. आणि तोंड उघडलं तर बाहेर आलं, "शहाण्याला शब्दाचा मार."

संक्रांतीच्या सुमाराला शहरातून एक मुलगी यायला लागली, बोलण्याचे व्यायाम घेणारी. हुशार होती, हसरी होती. तिनं म्हणींचाच आधार घ्यायचं ठरवलं. ती अर्धी म्हण म्हणणार, दादांनी ती पूर्ण करायची. असं करत करत पुढं साधी वाक्यं. पहिल्याच दिवशी छान जमलं. ती म्हणायची, "झाकली मूठ?" दादा म्हणायचे, "सव्वा लाखाची." त्यांचा उजवा हात तेव्हा खरोखरच घट्ट मूठ होऊन छातीशी आवळलेला असायचा. ती टाळ्या वाजवायची. मी शेजारी बसून बघत होते. सासूबाई दाराआड उभ्या होत्या, पदर कपाळावर.

"करावे तसे?"

"भरावे."

"बळी तो?"

"कान पिळी."

आणि तेव्हा मला ते दिसलं. प्रत्येक म्हण संपली की दादांचा चालता खांदा वर उचलला जायचा, मान आत जायची, पाठ वळायची. एका क्षणापुरतं. मग काही घडलं नाही की अंग सैल व्हायचं. पुढची म्हण, पुन्हा तेच. त्यांना दम लागतोय असं त्या मुलीला वाटलं असावं. मला लिंबाखालची दुपार आठवली. आधी म्हण, मग काठी. ते स्वतःच्याच तोंडातून म्हण ऐकत होते आणि काठीची वाट बघत होते.

मी सासूबाईंकडे वळून पाहिलं. त्यांनाही दिसलं होतं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्या दाराआडून बाहेर आल्या, खाटेसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि डोक्यावरचा पदर हातानं मागं सारला.

"मामंजी," त्या म्हणाल्या, "बास झालं आता."

ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी तिला हातानंच थांबवलं.

"मी तुमच्यापुढं कधी तोंड वर केलं नाय," सासूबाई म्हणाल्या. "आज करते. म्हाताऱ्या, अर्ध्या अंगाच्या लेकाला हाणता व्हय? म्हणी मला बी येतात. ऐका. बळी तो कान पिळी, पिळून पिळून बहिरं करी, आन् मग म्हणी, हा ऐकत नाय!"

दादांचे डोळे मोठे झाले.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, उघडली तर हात पसरल्यावानी दिसती. चोराच्या मनात चांदणं, आन् सावाच्या घरी लोडशेडिंग. कामापुरता मामा, काम झालं की त्यालाच मामा बनवला."

ही सगळी दादांची शेपटं होती. टपरीवरची, ओट्यावरची, जेवताना टाकलेली. काही तर मीही विसरले होते. ज्या बाईला विनोद कळत नाही असं मी धरून चालले होते, तिनं संसारभर एकेक वेचून ठेवलं होतं. त्या थांबत नव्हत्या. एक संपली की दुसरी, हातवारे करून, खाटेच्या वर कुठंतरी हवेत बघत. त्यांना तिथं जो कुणी दिसत होता त्याला त्या सुनावत होत्या.

आणि दादा हसले. अर्ध्याच तोंडानं, आवाज न करता, पण पोट हलत होतं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. सासूबाई एकदम गप्प झाल्या, खाटेवर त्यांच्याजवळ टेकल्या आणि त्यांचं तोंड पदरानं पुसायला लागल्या.

"हसा," त्या म्हणाल्या. "कोण मारत नाय आता."

त्यानंतर त्यांनी खोलीत जाताना पदर कधी पुढं ओढला नाही. दादांचं बोलणं काही परत आलं नाही. म्हणी सरळच येत राहिल्या, खाकरणंही तसंच. फक्त सासूबाई जिथं असतील तिथून, गोठ्यातून, चुलीपासून, उत्तर द्यायच्या. दादा म्हणत, सासूबाई वाकडी करत. जुनी शेपटं संपली तेव्हा त्या स्वतःची लावू लागल्या. एकदा दादा म्हणाले, "मुलाचे पाय पाळण्यात दिसतात." सासूबाई त्यांचे सुजलेले पाय तेलानं चोळत होत्या. "आन् बापाचे खाटंवर," त्या म्हणाल्या. दादांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मी खोलीतून बाहेर आले.

खांदा मात्र उचलायचाच. शेवटपर्यंत. थोडा कमी झाला असेल, गेला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला दादा गेले, सकाळी, झोपेतच. भेटायला आलेल्यांनी ओटा भरला. चुलत सासरे सगळ्यांच्या पुढं बसून म्हणाले, "एवढा सरळ माणूस परत होणे नाय." सासूबाईंनी आतून ऐकलं आणि मला म्हणाल्या, "मेल्या म्हशीला मणभर दूध." तेवढंच. त्याला शेपूट लावलं नाही.

तेराव्याला दौलताबादहून आत्या आल्या, दादांची थोरली बहीण. कमरेत वाकलेल्या, नजर अधू, पण बोलणं खणखणीत. लहानपणी त्या वडिलांबरोबर मेंढरांमागं फिरल्या होत्या. दादा तेवढे आजीजवळ गावात, शाळेसाठी. जेवणं आटोपल्यावर, दुपारी, पंगतीच्या सतरंज्या गोळा होत असताना, सासूबाईंनी त्यांना त्या हिवाळ्याची सगळी गोष्ट सांगितली. खाकरणं, आवाज, खांदा. आणि आपण मामंजींना कसं हाकललं ते.

आत्यांनी मान डोलावली.

"आबा खाकरायचे खरं," त्या म्हणाल्या. "पण वहिनी, तुला एक सांगू का? आबा लई हसवायचे गं."

"कोण? मामंजी?"

"मेंढरं बसली की आम्ही घोंगड्यावर बसायचो. आबा असेच खाकरायचे. मग एक म्हण घ्यायचे आन् तिचं शेपूट पिरगाळायचे. पोट धरधरून हसायचो आम्ही. मेंढरं बिथरायची. गावात पाय टाकला की दुसरेच व्हायचे. मी एकदा इचारलं, 'आबा, घरी का नाय हसवत?' तर म्हणाले, 'घरी बाप व्हावं लागतं. दिवस थोडे असतात.'"

सासूबाईंच्या हातातली सतरंजी तशीच राहिली.

"मग दादांना हे माहीत होतं?" मी विचारलं.

"नाय." आत्यांनी मान हलवली. "मार खाऊन कोपऱ्यात बसलेला असायचा. मी जाऊन त्याच्या कानात आबांची एखादी सांगायचे. माझीच म्हणून सांगायचे. आबांची हाय म्हटलं असतं तर त्यानं ऐकलीच नसती. 'करावं तसं भरावं, म्हणून तर शहाणे काहीच करत नायत.' ही पहिली सांगितली होती. मग तो सोता करायला लागला, आन् मी सांगायचं इसरून गेले. पुढं सांगावंसं वाटलं, पण तोवर आबा गेले होते."

बाहेर कुणीतरी भांडी टेम्पोत चढवत होतं. सासूबाई पुढच्या खोलीकडे बघत होत्या. खाट काढून टाकली होती. फरशीवर चार पायांच्या खुणा तेवढ्या दिसत होत्या.

"मग मी कुणाला बोलले त्या दिवशी?" त्या म्हणाल्या.

थोड्या वेळानं आत्यांचा नातू मोटारसायकल घेऊन त्यांना न्यायला आला. त्या उठायला लागल्या, तेव्हा सासूबाईंनी त्यांचा हात धरला.

"राहा की दोन दिवस," त्या म्हणाल्या. "मला सांगा, मामंजी कसे हसायचे ते. मी त्यांना कधी हसताना बघितलंच नाय."

आत्या राहिल्या. नातवाला चहा देऊन परत पाठवलं. मी सतरंज्या आत ठेवून आले तेव्हा दोघी ओट्यावर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या आणि आत्या डोळे मिटून काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होत्या.